कारवी फुलली तेव्हा कॅमेरा नव्हता

साठच्या दशकाच्या शेवटी मी पुण्याच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते. ध्रुवाजवळच्या टुंड्रा प्रदेशात एकाच जागी कॅमेरा रोवून, थोड्या थोड्या वेळाने एकेक चित्र घेत अख्खा उन्हाळा मिनिटभरात बघतात, असं वाचनात आलं होतं. लोणावळ्याच्या वरचं पठार मला तसंच वाटायचं. बोटभर माती, खाली कातळ, आणि चार महिन्यांत सगळं उरकून घेणारी झाडं. त्यात त्या वर्षी कारवी फुलणार होती. ती सात वर्षांतून एकदाच फुलते.

विभागाचा सिने-कॅमेरा मी रीतसर मागून घेतला आणि पत्र्याच्या डब्यात घालून कातळावर पक्का बसवला. बटण दाबलं की एकच चित्र उमटायचं. दाबायचं काम वरच्या वाडीतल्या एका मावशींनी घेतलं, कारण त्यांची गुरं तिथंच चरायची.

"गवत वाढताना दिसंल व्हय यात?" त्यांनी विचारलं.

"पळताना दिसेल."

त्या खूप हसल्या. मग आषाढ-श्रावणभर डोक्यावर इरलं घेऊन त्यांनी ते काम केलं.

भाद्रपदात एका रविवारी वर गेले, तर डबा रिकामा! भोवती कारवी जांभळी झालेली.

"तुमचं सायेब आलं हुतं," मावशी म्हणाल्या. "म्या म्हनलं, बाईंला इचारलंय का? तर म्हनले, त्या माझ्याच हाताखाली हायेत."

दुसऱ्या दिवशी मी विभागप्रमुखांच्या खोलीत गेले. संस्थेच्या समारंभाला मंत्री येणार होते, त्याचं चित्रण करायचं होतं म्हणे.

"कारवी कुठं पळून जाते?" ते म्हणाले.

कॅमेरा हातात पडला तो दसऱ्यानंतर. तोवर फुलं गळून गेली होती. तरी मी तो परत डब्यात बसवला.

हिवाळ्यात एका परिषदेत त्यांनीच ती फिल्म 'आमच्या विभागाचा प्रयोग' म्हणून दाखवली. पडद्यावर गवत उसळलं, धुकं आलं नि गेलं, कारवीला कळ्या धरल्या, आणि एकदम वाळक्या काड्या. कुणीतरी विचारलं, "फुलं कुठायत?"

"वर एक अडाणी बाई ठेवली होती. तिनं लक्ष दिलं नाही."

मी उभी राहून सगळ्यांसमोर म्हणाले, "सर, खोटं बोलताय तुम्ही. कॅमेरा तुम्ही नेला होतात. ती बाई रोज तिथं होती."

चहाच्या वेळी माझ्याशी कुणी बोललं नाही. पुढच्या वर्षी मला कॅमेरा मिळाला नाही, संशोधनही काढून घेतलं.

मावशींना सांगितलं तेव्हा त्या विळा खाली ठेवून उभ्या राहिल्या.

"पावसात म्या हुते का त्यो हुता?" त्यांनी विचारलं. "आन त्याला हितं आना एकदा. माज्या तोंडावर म्हनू दे."

मी त्याला आणू शकले नाही. याचा संताप मला आजही येतो.