डोळे मिटून ठेवलेलं बोट

माझ्या शांताला एकाच आठवड्यात दोन बोलावणी आली. नर्सिंग शिकायला मिरजेला जागा मिळाली आणि खेडच्या एका घरातून मागणीही आली. आमचे हे तेव्हा पिंपरीच्या नव्या औषधाच्या कारखान्यात नुकतेच लागले होते. खेडचा मुलगा आमच्याच ख्रिस्ती मंडळीतला, निर्व्यसनी, शाळेत मास्तर. असं स्थळ काय वाटेवर पडलंय? पण नर्स व्हायचं हे पोरीचं लहानपणापासूनचं वेड. तिच्या तोंडाकडे बघितलं की खेडला होकार कळववत नव्हता.

मग मी आमच्यातल्या पुष्कळ बायका करतात तेच केलं. प्रार्थना केली, डोळे मिटून शास्त्र, म्हणजे आमचं बायबल, उघडलं आणि बोट ठेवलं. ते पडलं वंशावळीवर. पुन्हा उघडलं, तर कुणाच्या तरी उंटांची मोजदाद! शेवटी बोट एका लग्नाच्या वचनावर पडलं आणि मी म्हटलं, झालं, देव बोलला.

तरी मन थाऱ्यावर येईना, म्हणून चिंचवडला मरियमबाईंकडे गेले. त्या जुन्या बायबलबाई. उभा जन्म चाकणकडच्या वाड्यावस्त्यांवर पायी हिंडून त्यांनी प्रभूचं वचन सांगितलेलं. ज्वारी निवडता निवडता त्यांनी सगळं ऐकलं आणि खो खो हसल्या.

"अगं, देवाला इचारलंस का त्याची नुसती सही घेतलीस? मनासारखं येईस्तोवर पानं उलटत व्हतीस न्हवं?"

मग माझा हात धरून त्यांनी बराच वेळ प्रार्थना केली आणि म्हणाल्या, "खेडला जा. आदी पोरगी शिकंल, मग लगीन, चालंल का, आसं सरळ इचार."

"अहो बाई, मुलीकडच्यांनी अट घालायची? लोक तोंडात शेण घालतील."

"लोकांचं ऱ्हाऊ दे. त्ये न्हाई म्हनले तर काय करशील, ते आदी देवापाशी ठरव. मग यष्टीत बस."

आम्ही नवराबायको गेलो. मी विचारलं. मुलाच्या आईनं चहाची बशी खाली ठेवली. "आम्हाला घरात सून हवी आहे, तीही आत्ता," म्हणाली. संपलं! स्टँडवर येईपर्यंत माझे डोळे वाहत होते. ह्यांनी हळूच विचारलं, "आता गं?" आणि काय सांगू, त्या धुळीत उभ्या उभ्या माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. देवापाशी मी जे ठरवता ठरवता टाळत आले होते, ते तोंडातून आपसूक निघालं. "आता शांता मिरजेला जाईल. पुढचं देव बघेल." माझा आवाज जरासुद्धा कापला नाही.

एसटी सुटणार इतक्यात तो मुलगाच सायकल हाणत आला. धापा टाकत खिडकीशी उभा राहिला. "मावशी, मी थांबेन. आईची समजूत मी घालतो."

दुसऱ्या दिवशी ही सायकलीची गोष्ट सांगायला मी मरियमबाईंकडे धावतच गेले. त्यांनी मला मध्येच थांबवलं. "सायकलीचं ऱ्हाऊ दे. तो यायच्या आदी काय ठरलं व्हतं?"

मी सांगितलं. त्यांनी पदरानं डोळे पुसले. "मग देव तुला तितंच भेटला, बाई. सायकल म्हंजे वरनं वाढलेलं तूप."

शांता नर्स झाली, त्याच घरात नांदलीही. त्या तुपाचे उपकार मी विसरत नाही. पण गुडघे टेकले की आधी आठवते ती स्टँडवरची धूळ. शास्त्र आजही रोज उघडते, डोळे उघडे ठेवून.