छोटीच्या वाट्याची रिकामी वर्षं

सगळे तिला छोटी म्हणत. वय पन्नाशीला टेकलं, शाळेची बस चालवून चालवून गुडघे कुरकुरायला लागले, तरी छोटीच. आवाज मात्र मोठा. मागच्या बाकांवर दंगा चालला असला की ती नुसती घसा खाकरायची, आणि बस चिडीचूप.

घरामागे वडिलांची संत्र्याची बाग होती. जाताना ते सांगून गेले होते, "भांडू नका. एक वर्ष दादाचं, एक वर्ष छोटीचं." दादा थोरला, म्हणून पहिलं वर्ष त्याचं. त्या वर्षी फळ असं लागलं की फांद्यांना टेकू द्यावे लागले. पुढच्या वर्षी छोटीची पाळी आली आणि झाडांवर नुसती पानं. शोधून शोधून चार संत्री हाताला लागायची. त्याच्या पुढच्या वर्षी दादाच्या टोपल्या पुन्हा ओसंडल्या. आणि हे असंच चालत राहिलं.

छोटीनं काय करायचं बाकी ठेवलं होतं? पाळी आली रे आली की कडाक्याच्या थंडीतच ती खताची पोती ओतायची. सुट्टीचे दिवस झाडांभोवती आळी खणण्यात जायचे. झाडं ढिम्म. आई म्हणायची, "दादाला झाडांची माया आहे गं. तुझं सगळं लक्ष त्या बसमध्ये." दादा त्यावर म्हणायचा, "झाडांवरपण खेकसत असेल ती!" सगळे हसायचे. तीही हसायची, आणि मग भांडी जरा जास्तच आपटून घासायची.

एकदा दादाच्या वर्षात पोरांनी रस्त्याकडच्या ओळीतली लिंबाएवढी हिरवी फळं तोडून एकमेकांवर फेकली. सगळी ओळ निम्मी बोडकी झाली. "तुझ्याच बसमधली कार्टी!" म्हणून दादानं छोटीला फैलावर घेतलं. पण पुढच्या वर्षी, तिच्या पाळीत, सगळी बाग नेहमीसारखी रिकामी आणि ती एकच ओळ फळांनी भरलेली!

ती तडक रोपवाटिकेत गेली. रोपवाटिकेवाले काका कलमांना पाणी घालत होते.

"त्यात नवल काय?" ते म्हणाले. "एका वर्षी ताकदीबाहेर फळ धरलं की झाडानं साठवलेलं सगळं त्यातच जातं, मुळंसुद्धा उपाशी राहतात. पुढच्या वर्षी फुलायचं कशाच्या जोरावर? फळ कोवळं असताना निम्मं काढून टाकावं. पिकलं की बाजारभाव चढायची वाट बघत झाडावर लोंबत ठेवू नये. आणि खत घालायचं ते माती उबदार असताना. थंडीत मुळं जेवत नाहीत, तुझी पोती पाण्याबरोबर वाहून गेली."

"हे मला कुणीच कसं सांगितलं नाही?"

"अगं, निम्मं फळ काढायचं दादाला सांगितलंय की! तुझे वडील गेले, त्यानंतर लगेचच येऊन विचारून गेला होता. तुला बोलला नाही?"

छोटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती घरी आली तेव्हा दादा ओट्यावर चहा पीत बसला होता. आई शेजारीच.

"तुला माहीत होतं?"

दादानं बशी खाली ठेवली. काय विचारतेय हे त्याला लगेच कळलं, आणि त्याचाच तिला जास्त संताप आला.

"तू कधी विचारलंस मला?" तो म्हणाला.

"विचारलं नाही? दर वर्षी तुझ्यासमोर रडले मी! आणि तू दात काढत होतास!"

"जाऊ दे गं," आई मध्ये पडली. "एवढ्यातेवढ्यावरून घर डोक्यावर घेऊ नकोस."

"घेणार! इतकी वर्षं मलाच दोष दिलात ना दोघांनी? आता ऐकाच." तिनं सांगून टाकलं की यापुढे ओळी वाटून घ्यायच्या, अर्ध्या त्याच्या, अर्ध्या तिच्या, दर वर्षी. दादा म्हणाला, "बाबांचा शब्द मोडणार नाही."

मग दादाचं वर्ष आलं. फळं लिंबाएवढी झाली तशी छोटी कात्री घेऊन बागेत शिरली आणि कचाकच कापत सुटली. दादा अनवाणी धावत आला. "वेड लागलंय का तुला? माझं वर्ष आहे!"

"निम्मीच काढलीयेत. ओळी देतोस, की उरलेलीही उतरवू?"

तो शिव्या घालत माघारी वळला. पण आठवड्याभरात बागेच्या मधोमध तार ओढली गेली.

छोटीच्या बाजूला फळ सावकाश ताळ्यावर आलं. पहिलं वर्ष जेमतेम, पुढचं बरं, आणि मग दर वर्षी बेताचं पण नेमानं. दादाला मात्र कोवळं फळ कापायला जीव धजत नाही. तारेपलीकडे एका वर्षी फांद्या मोडेस्तोवर फळ लागतं, एका वर्षी दिसतही नाही.

परवा वहिनी तारेपाशी आली. "खत नेमकं कधी घालायचं, हे विचारतायत."

"त्यालाच येऊ दे विचारायला," छोटी म्हणाली.

अजून तो आलेला नाही.