फणसवाडीच्या आजींचा पाट

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आधी भावाला सांगितलं, मग जिला सांगायला हवं होतं तिला, आणि आता लिहितोय.

परळला भोईवाड्याच्या अंगाला आमचा गणपतींचा कारखाना आहे. वडिलांनी उभा केला, आता मी आणि धाकटा भाऊ चालवतो. शाडूच्या घरगुती मूर्ती. माती, साचे, रंग हे दोघांचं काम. डोळ्यांची आखणी फक्त माझी. आखणी करताना मी बोलत नाही. खरं म्हणजे एरवीही फारसा बोलत नाही. गिऱ्हाइकांशी बोलणं भावाकडे.

लोक घराबाहेर पडेनात त्या दिवसांत त्याने मोबाइल स्टँडवर लावला आणि लाइव्ह सुरू केलं. ‘नमस्कार मंडळी! आवाज येतोय का? येत असेल तर मोरया लिहा!’ मी मांडणीच्या मागे, पाठ करून बसलेला. तो कमेंटी मोठ्याने वाचायचा. ‘अलिबागचे काका विचारतायत, उंची किती? काका, तुमच्या देव्हाऱ्याची सांगा, मग मी बाप्पाची सांगतो!’ लोक हसायचे. हसल्याच्या खुणा धडाधड वर जाताना त्याने एकदा मला दाखवल्या होत्या. कमेंटमध्ये जो आधी मूर्तीचा नंबर टाकेल त्याची ती मूर्ती. पुढे पुढे लाइव्ह संपायच्या आत मूर्ती संपायला लागल्या. कारखाना त्याच्यामुळे तगला, हे मला तेव्हाही माहीत होतं. माहीत असणं आणि सोसणं वेगळं.

‘दादा, काय हात आहे तुमचा!’ अशी कमेंट आली की तो लगेच म्हणायचा, ‘माझा नाही हो, डोळे आमचा दादा काढतो. दादा, जरा इकडे बघ रे!’ मी मान आणखी खाली घालायचो. आणि मग रात्रभर कुढायचो, की आपल्याला कोणी ओळखत नाही.

आमच्याकडे एक रीत आहे. गिऱ्हाईक घरचा पाट घेऊन येतं, मूर्ती पसंत करतं, आणि त्याच क्षणी आम्ही ती मूर्ती त्या पाटावर चढवतो. मग ती मूर्ती आमची राहत नाही. भाऊ लाइव्हमध्ये हेच सांगायचा, ‘फळीवरचा बाप्पा मोकळा, पाटावरचा घरचा. पाटावरच्याला नंबर टाकू नका!’ या शब्दावर अनोळखी माणसं त्याच्यावर विश्वास ठेवायची.

फणसवाडीच्या एक आजी वडिलांच्या वेळेपासूनच्या. जुन्या लुगड्यात गुंडाळलेला पाट मांडीवर घेऊन टॅक्सीने यायच्या. तीन वर्षांपूर्वी आल्या तेव्हा भाऊ रंग आणायला गेला होता. मीच पाट घेतला, त्यांनी निवडलेली मूर्ती वर चढवली, वहीत नाव मात्र घालायचं राहिलं. भावाला सांगायचंही राहिलं.

दुसऱ्या दिवशी ठाण्याहून एक जोडपं आलं. लाइव्हवाल्या दादांना भेटायला. भावासोबत फोटो काढायचा होता. मी ब्रश घेऊन मध्ये उभा. बाई अगदी सौजन्याने म्हणाल्या, ‘काका, जरा बाजूला होता का? फ्रेममध्ये येताय.’

मी झालो बाजूला.

संध्याकाळी लाइव्ह होतं. भाऊ स्टँड लावून बाहेर टपरीवर चहाला गेला. मी उठलो, आजींची मूर्ती पाटावरून उचलली, फळीवर ठेवली, आणि पाट शाडूच्या गोणींमागे सरकवला. फार विचार केला नव्हता असं म्हणणं सोयीचं आहे. पण मूर्ती उचलताना सोंडेला धक्का लागू नये म्हणून मी दोन्ही हात लावले होते. म्हणजे भान पुरतं होतं. भावाचं एकदा, सगळ्यांसमोर, चुकावं. एवढं मला हवं होतं.

ती मूर्ती त्याने दाखवली, ठाण्याच्याच कोणीतरी लगेच नंबर टाकला. ‘झाली! ठाण्याला निघाला बाप्पा!’ आणि तो थांबला. नातीच्या मोबाइलवर आजी बघत होत्या. कमेंट आली, ती त्याने सवयीने मोठ्याने वाचली. ‘हा आमचा आहे. मी काल पाट दिला.’

‘आजी, तुमचा पाट कुठे आलाय अजून? मस्करी करताय होय गरिबाची?’

‘मी मस्करी करत नाही. तुमच्या भावाच्या हातात दिला.’

त्याने वळून विचारलं, ‘दादा, फणसवाडीचा पाट आला होता काय रे?’

एक शब्द पुरला असता. मी म्हणालो, ‘बघायला लागेल.’

मग कमेंटी सुरू झाल्या. एक मूर्ती दोनदा विकता का? देवाच्या कामात तरी खरं वागा. म्हाताऱ्या बाईला खोटं पाडता? त्या मात्र त्याने मोठ्याने वाचल्या नाहीत. त्याचे ओठ हलत होते फक्त. मला बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण मिनिटभर फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्याने लाइव्हवर माफी मागितली. चूक माझी, म्हणाला. गोणींमागचा पाट सापडल्यावर स्वतः मूर्ती घेऊन फणसवाडीला गेला. आजींनी पाट ठेवून घेतला, मूर्ती परत पाठवली. पुन्हा त्या आल्या नाहीत. आदल्या दिवशीचं लाइव्ह त्याने पेजवरून काढून टाकलं. मला वाटलं, शिव्या दिसू नयेत म्हणून.

यंदा, तीन वर्षांनी, साचे धुताना मी त्याला सांगितलं. वाक्यं जुळवून ठेवली होती, सगळी उलटसुलट निघाली. तो साचा घासत राहिला.

‘माहितीय,’ म्हणाला.

‘काय माहितीय?’

‘मी लाइव्ह चालू करूनच चहाला जायचो रे. माणसं जमायला वेळ लागतो ना. तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही, पण नंतर मी बघितलं. तू, मूर्ती, पाट, सगळं आहे त्यात. म्हणून तर उडवलं.’

‘मग मला बोलला का नाहीस?’

‘वाटलं तू बोलशील. आज बोलशील, उद्या बोलशील. मग राहिलंच.’

सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं ते वेगळंच. गप्प बसणं तरी माझ्या वाटणीचं आहे, असं मी धरून चाललो होतो. तेही याला माझ्यापेक्षा चांगलं जमत होतं.

‘आजींना सांग,’ एवढंच तो म्हणाला. ‘लाइव्हवर नको. घरी जाऊन.’

गेल्या रविवारी फणसवाडीत गेलो. आजी खाटेवर बसून ऐकत होत्या.

‘म्हणजे त्या मुलाने उगाच माझी बोलणी खाल्ली,’ शेवटी म्हणाल्या. ‘आणि दर संक्रांतीला फोन करतो तो मला. मी नीट बोलतसुद्धा नाही.’

हे फोनचं मला ठाऊक नव्हतं.

‘त्याला सांगा, यंदा पाट देते.’

मी हात पुढे केला.

‘तुमच्याकडे नाही. त्याला पाठवा. त्याच्या हातात देईन.’

भोईवाड्याला परतलो तेव्हा त्याचं लाइव्ह रंगात आलं होतं. संपेपर्यंत मी दाराशी उभा राहिलो आणि आजींचा निरोप त्याला जसाच्या तसा सांगितला.