बांधावरचा नारळ

चार रत्नागिरीकर एकत्र प्रवासाला निघाले की सामानापेक्षा किस्सेच जड होतात. आमच्या सोसायटीची अंदमान ट्रिप कधीच संपली, पण अजून चहाला बसलो की एखादा निघतोच.

त्यात भाऊ आणि नाना एकाच ग्रुपमध्ये! दोघे पालीचे, एकाच भावकीतले, आणि बांधावरच्या एका माडावरून कोर्टात. निकाल लागेपर्यंत त्याचे नारळ कोणी पाडायचे नाहीत, असा हुकूम. त्याच जागच्या माडापायी भाऊंच्या पणजोबांनी नानांच्या पणजोबांवर कोयती चालवली, काळ्या पाण्यावर गेले आणि तिकडेच संपले. तो माड पडला, दुसरा आला. भांडण तेच राहिलं.

भाऊंना पणजोबांसाठी तिथल्या जेलमध्ये नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालायचं होतं. वडिलांनी मरताना सांगितलेलं काम.

*

विमानतळावर सिक्युरिटीने भाऊंच्या पिशवीतला नारळ काढून घेतला. पोर्ट ब्लेअरच्या बाजारात मी म्हटलं, "इथे घ्या की एक."

"रत्नागिरीच्या माणसाने नारळ विकत घ्यायचा? गावात तोंड कसं दाखवू?"

नाना मला म्हणाले, "त्यांना सांगा, कुठूनतरी उचलून आणा. सवय आहे." दोघांचं बोलणं माझ्यामार्फतच चालायचं.

*

एका बेटावर साहेबाचं पडकं चर्च आहे, भिंतीभर झाडांच्या मुळ्या. सगळे फोटो काढत होते. भाऊ हळहळले, "रोप होतं तेव्हाच उपटायचं ना!"

"साहेबालाही भावकी असणार," नाना म्हणाले. "कोणी उपटायचं, त्यावरून राहिलं असेल."

*

म्युझियममध्ये गाईडने विचारलं, "रत्नागिरी? ब्रह्मदेशच्या राजाला तिथेच ठेवलं होतं ना? कसा आहे तो राजवाडा?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. जन्म रत्नागिरीत गेला, आत कोणीच गेलं नव्हतं.

"ऐसपैस," भाऊ म्हणाले. नानांनी मान डोलावली. त्यांचं एकमत झालेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

*

शेवटी जेल. गाऱ्हाण्याची रीत अशी, की एकाने बोलायचं आणि भावकीने 'होय महाराजा' म्हणायचं. नाहीतर ते पोचत नाही. पणजोबांची कोठडी कुठली, ते कोणाला ठाऊक! भाऊ एका रिकाम्या कोठडीपुढे उभे राहिले, हात जोडले आणि पुन्हा खाली सोडले.

"रिकाम्या हाताने काय बोलू?" त्यांचे डोळे भरले.

नानांनी पिशवीतून पंच्यात गुंडाळलेला नारळ काढला आणि उंबऱ्यावर ठेवला. चेक-इन केलेल्या त्यांच्या मोठ्या बॅगेतून तो सुखरूप आला होता.

"त्यांना सांगा, बांधावरच्या माडाचा आहे."

भाऊंनी सुरुवात केली. "बा महाराजा, आमचा माणूस इथे एकटा राहिला. काय चुकलंमाकलं असेल ते पोटात घाल, आणि त्याला घरची वाट दाव."

"होय महाराजा," नाना म्हणाले. थेट, मला मध्ये न घेता.

बाहेर आल्यावर भाऊ बराच वेळ नाक पुसत होते. मग त्यांनी मला हळूच बाजूला घेतलं.

"ऐकलंत ना तुम्ही? म्हणजे नारळ परस्पर पाडलान तर! साक्षीला याल ना?"