बेबाअक्काची पहिली पंगत

बेबाअक्कानं हितेंद्रभाऊंच्या हातातला हार हिसकावून म्हशीच्या गळ्यात घातला, ही बातमी मला रावेरच्या बाजारात लागली. घरी येईपर्यंत म्हशीच्या दोन झाल्या होत्या. आता शेजारधर्म म्हणून सांगतो: अक्काकडे म्हैस नाही, एक शेळी आहे. तिच्या अंगणात आणि माझ्या दुकानात एकच भिंत, त्यामुळे शेळी शिंकली तरी मला कळतं. हार बाबासाहेबांच्या पुतळ्यालाच पडला. अक्कानं भाऊंना फक्त एक प्रश्न विचारला. त्यापेक्षा म्हैस परवडली, असं भाऊ मनात म्हणत असतील.

बेबाअक्का आमच्या गावच्या आंबेडकर नगरातली. साठी उलटली तरी केळीच्या बागांत फण्या धुऊन खोक्यांत भरायला जाते. तिच्या हातची केळी ट्रकनं दिल्लीला जातात आणि मारुतीच्या नैवेद्यालाही चालतात. पण मारुतीच्या भंडाऱ्यात तिच्या वस्तीची पंगत शेवटची. सगळं गाव जेवून उठल्यावर, देवळामागे. तोवर गव्हाची बट्टी गार होऊन दगड झालेली आणि तूप संपलेलं.

अक्का म्हणायची, "मले एक डाव पहिल्या पंगतीत बसाचं हाये."

मी चिडवायचो, "अक्का, दात किती उरले तुझे? बट्टी चावशील कशी?"

"तुपात भिजली की दात लागत नाही, लखीचंदभाऊ. फक्त तुमच्या दुकानातल्यासारखं थेंब मोजून नको."

आता हितेंद्रभाऊ, आमच्या भागातले पुढारी. दर चौदा एप्रिलला निळा फेटा बांधून येतात. हार, फोटो, भाषण, मग स्वतःच्या गाडीतलं बाटलीचं पाणी. वस्तीचा चहा आला की त्यांना पुढच्या कार्यक्रमाची नेमकी आठवण होते. यंदा जिल्हा परिषदेचं तिकीट हवं होतं, म्हणून आवाज जरा जास्तच चढला. "बाबासाहेबांनी आपल्याला एका पंगतीत आणलं!" टाळ्या पडल्या. त्या थांबल्या तशी अक्का बायकांतून उठली.

"भाऊ, पुढच्या आठवड्यात मारुतीचा भंडारा हाये. पहिल्या पंगतीत माया शेजारी बसता का?"

सगळे मोबाईल वर झाले होते. भाऊंनी फेट्याखालचा घाम पुसला. "बसू ना अक्का! का नाही बसणार?"

दुसऱ्याच दिवशी जीवरामआबांनी अक्काला बागेत गाठलं. आबा देवळाच्या पंचांत मोठे, आणि अक्काची मजुरीही त्यांच्याच बागेतली. म्हणाले, "बेबा, तुला इथं कामाला यायचंय ना?"

अक्का फणी धूत म्हणाली, "कामाले तुमच्याकडे येते आबा. जेवाले मारुतीकडे जाऊ राह्यली."

हे मला सांगताना ती हसली खरी, पण त्या आठवड्यात तिनं माझ्याकडून सामान निम्मंच नेलं. मजुरी गेली तर काय, हा हिशेब तिच्याही डोक्यात होता.

भंडाऱ्याच्या दिवशी अक्का जयंतीची पांढरी साडी नेसून वस्तीतल्या बायकांसह आली आणि पहिल्या पंगतीच्या टोकाला बसली. भाऊ फोटोवाल्याला घेऊन आले आणि पंचांच्या खुर्च्यांकडे वळले. अक्कानं सतरंजीवर हात थोपटला. "इकडं भाऊ, इकडं. जागा धरली तुमची." भाऊ बसले, बसावंच लागलं.

केळीच्या पानांवर वरण आलं, वांग्याची भाजी आली, बट्ट्या आल्या. मग वाढपी उखर्डू तुपाचं भांडं घेऊन निघाला. आमच्या गावचा रिवाज असा, की शेवटच्या पानावर तूप पडल्याशिवाय कोणी बट्टी मोडत नाही. उखर्डूनं भाऊंच्या पानावर धार धरली, पुढं सरकला आणि अक्कासमोर थबकला. त्यानं आबांकडे पाहिलं. आबा देवळाचा कळस पाहायला लागले, जसा काही आजच बसवला होता.

अख्खी पंगत खोळंबली. समोर वाफाळती बट्टी आणि हात मांडीवर. वस्तीतल्या बायका खाली बघत होत्या. अक्का मात्र ताठ, नजर तुपाच्या भांड्यावर.

शेवटी आबांचा सख्खा भाऊ लोटन पंगतीतून ओरडला, "उखर्डू, वाढ ना रे बापा! बट्टी थंडी होऊ राह्यली!"

"वाढ, वाढ!" चहूकडून गलका उठला. मी तर सगळ्यांत मोठ्यानं ओरडलो. भूक माझीही होती. आबांनी कळसावरून मान खाली आणली आणि हलवली. एवढंच. उखर्डूनं तूप ओतलं. लोक "पुरे" म्हणून हात आडवा करतात, अक्कानं केला नाही. पान भरून ओघळ सतरंजीपर्यंत आला तेव्हा तिनं बट्टी मोडली, आणि पाठोपाठ साऱ्या पंगतीनं.

त्या दिवशी देवळामागे एकही पान मांडलं गेलं नाही. दुसऱ्या पंगतीत वस्ती आणि गाव मिळेल तिथं, खांद्याला खांदा लावून बसलं. आबांनी मजुरी बंद करायचं नाव काढलं नाही. ट्रक भरायचा होता आणि बागेतल्या बाकीच्या बायकांनी आधीच सांगून ठेवलं होतं, अक्का नाही तर आम्हीही नाही.

हात धुताना भाऊंनी पत्रकाराला बोलावून घेतलं. तो अक्कासमोर माईक धरून म्हणाला, "हितेंद्रभाऊंनी तुम्हाला पहिल्या पंगतीत आणलं. कसं वाटतंय?"

अक्का म्हणाली, "मले कोणी नाही आणलं बापा. मी माया पायानं आली. बसाले जागा त्यायले मी दिली."