इकाम्यावरची बायको

शुक्रवारच्या नमाजनंतर आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. नवऱ्याने ताटातला भात हाताने दाबून घास केला, तोंडात घातला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू आता जिन्सियासाठी अर्ज कर. पुष्कळ वर्षं झाली."

जिन्सिया म्हणजे इथलं नागरिकत्व. मी रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या एका गावची. सौदीतल्या जुबैलच्या हॉस्पिटलात नर्स म्हणून आले आणि डायलिसिसला येणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या मुलाशी लग्न करून इथलीच झाले. इथलीच झाले हे म्हणायला. मुलगी बापाची, म्हणून जन्मापासून सौदी. नवरा तर सौदीच. घरात एकटी मी इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, आणि त्या परवान्यावर कफील, म्हणजे जामीनदार, म्हणून नवऱ्याचं नाव. हॉस्पिटलातल्या मैत्रिणी हसायच्या, "आमचा कफील कंपनी, तुझा कफील घरात झोपतो." मीही हसायचे.

इतक्या वर्षांत त्याने हा विषय एकदाही काढला नव्हता. मीच एकदा काढला होता, मुलगी रांगत होती तेव्हा. त्यावर तो म्हणाला होता, "घाई काय आहे? इकाम्यावर काय अडतंय तुझं?" आता अचानक काय अडलं? माझ्या मनात पाल चुकचुकली.

"आत्ताच का?" मी विचारलं.

"का म्हणजे? तुझ्या भल्यासाठी."

माझ्या भल्याचं कोणी असं ताटाकडे बघत बोललं की मी सावध होते. नर्सची सवय आहे ती. पेशंटचे नातेवाईक खोटं बोलतात तेव्हा त्यांची नजर सलाईनच्या बाटलीवर असते.

चौकशी मी स्वतःच सुरू केली. आमच्या लग्नाला सरकारी परवानगी घेतलेली होती, ती नसती तर पुढचं काहीच शक्य नव्हतं. काही वर्षं संसार झालेला हवा, तो झाला होता. मूल असलं तर बरं, ते होतं. मुलाखत होते, नवऱ्याची सही लागते. आणि जुनं नागरिकत्व सोडावं लागतं. भारताचा कायदाही दोन नागरिकत्वं ठेवू देत नाही, म्हणजे माझा पासपोर्ट जाणार, हे दोन्हीकडून पक्कं.

हॉस्पिटलातल्या एका सिनियर नर्सने मला बाजूला घेतलं. ती केरळची, आम्ही हिंदीत बोलायचो. म्हणाली, "एक बाई होती. पासपोर्ट दिला, आणि मग नवऱ्याने दुसरं लग्न केलं. माहेरी जायचं तर व्हिसा मागायचा आपल्याच देशाचा. सोच लो."

कोण बाई, कुठली, ते तिला सांगता आलं नाही. तिलाही कुणीतरी सांगितलेलं. पण माझ्या डोक्यातून ती बाई जाईना.

गावाकडे भावाला फोन केला. तो म्हणाला, "बाय, पासपोर्ट हातातून सोडू नको. तो आहे तोवर तू कधीही विमानात बसून घरी येऊ शकतेस."

"घरी म्हणजे कुठे? माझं घर इथंच आहे ना?"

"तेच म्हणतो मी. आज आहे."

मग मी नवऱ्याकडे बघायला लागले. म्हणजे रोज बघतच होते, पण आता पाळतीवर असल्यासारखी. जुबैलच्या एका मोठ्या कारखान्यात तो सुरक्षा विभागात होता. फोन आला की आधी इथंच बसून बोलायचा, आता बाल्कनीत जायचा आणि मागे काचेचा दरवाजा ओढून घ्यायचा. मी चहा घेऊन गेले की बोलणं बदलायचं. माझं अरबी कामापुरतं बरं आहे, हे त्याला ठाऊक होतं. त्याने एकदा माझा पासपोर्टही मागितला, "फोटो काढून ठेवतो" म्हणून. मी म्हटलं, हॉस्पिटलच्या लॉकरमध्ये आहे. तो कपाटातच होता. दुसऱ्या दिवशी मी तो खरोखरच लॉकरमध्ये नेऊन ठेवला.

दुसरी बायको? की कारण आमची मुलगी? ती दहा-बारा वर्षांची होत आली होती, सुट्टीत कोकणात न्यायचं म्हटलं की सासरची मंडळी हल्ली कुरकुर करायची. मी इथली नागरिक झाले की मुलीला घेऊन निघून जाण्याची शक्यताच संपते, असा कुणी हिशेब केला असेल? मी तसं कधी करणार नव्हते. पण आपल्याबद्दल कुणी असा विचार करत असेल, हा विचारच झोप उडवणारा होता.

खरं कारण मक्केत कळलं. उमऱ्याच्या यात्रेला गेलो की आम्ही नणंदेकडे उतरतो. तिचा नवरा यात्रेकरूंच्या हॉटेलांचं काम बघतो, घर सदा माणसांनी भरलेलं. नणंद बोलघेवडी. स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडता निवडता म्हणाली, "देवाने मनावर घेतलं तर तुझं काम लवकर होईल. तुझं झालं की त्याचंही झालंच."

"त्याचं कसलं?"

ती हातातली जुडी पाण्यात बुडवत राहिली.

"त्याने सांगितलं नाही तुला?"

"तुम्ही सांगा."

तिने सांगितलं. त्याला वरच्या जागेवर घ्यायचं चाललं होतं. ती जागा जोखमीची, तिथे माणसाच्या घरातल्यांचीही चौकशी होते, आणि परदेशी बायको आडवी येईल असं त्याला वरून सुचवण्यात आलं होतं. "त्यात वाईट काय? तुझाही फायदाच," ती म्हणाली.

वाईट काही नव्हतं. जेवताना तो तेवढं एक वाक्य बोलला असता तर मी त्याच दिवशी सही केली असती. पण त्याने "तुझ्या भल्यासाठी" म्हटलं होतं. दुसरी बाई असती तरी मला इतकं लागलं नसतं. जुबैलला परतताना वाटेत तो वाळूतल्या उंटांकडे मुलीला बोट दाखवत होता आणि मी विचार करत होते, या माणसाने याआधी काय काय माझ्या भल्यासाठी केलं असेल.

अर्ज भरला गेला. मुलाखतीचं बोलावणं आलं.

मुलाखत घेणारी बाई काळ्या पायघोळ अबायातली, चष्मा लावलेली. तिने आम्हाला वेगवेगळं बसवलं. तिलाही माझा संशय होताच, तिचं कामच ते. कुठे भेटलात? तो कुठल्या कुशीवर झोपतो? सासऱ्यांना काय आवडायचं?

"खजूर," मी म्हटलं. "पण डायलिसिसच्या माणसाला खजूर चालत नाही. ते खिशात लपवून आणायचे. मी त्यांच्या खिशातून काढायचे. तसंच ह्यांची-माझी ओळख झाली, बापाच्या खजुरांवरून भांडताना."

तिच्या चेहऱ्यावर हसू येऊन गेलं. मग तिने पेन खाली ठेवलं. "अर्ज करायचं कुणी सांगितलं?"

"नवऱ्याने."

"तुला हवं आहे?"

हा प्रश्न मला तोवर कुणीच विचारला नव्हता. भावानेही नाही. मी म्हटलं, "मला ठाऊक नाही. मला अजून वेळ हवा आहे."

"मग वेळ घे," ती म्हणाली. "एकदा झालं की हे मागे फिरवता येत नाही."

गाडीत बसल्यावर मी त्याला सांगितलं, "मी अर्ज मागे घेतलाय. नोकरीचं मला का नाही सांगितलंस?"

त्याने गाडी सुरू केली नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून बसला. "बहिणीने सांगितलं?"

"कुणी सांगितलं ते सोड."

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, स्वतःसाठी करतोय."

"स्वतःसाठीच करत होतास ना?"

"दोघांसाठी," तो म्हणाला. मला ते पटलं नाही.

ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. घरात कुणी आवाज चढवला नाही. तो मुलीशी बोलायचा, माझ्याशी कामापुरतं. बाल्कनीतले फोन बंद झाले.

त्यानंतर काही महिन्यांनी मुलीला ताप आला. मी ड्यूटीवरून परस्पर औषधांच्या दुकानात गेले. काउंटरवर कार्ड लावलं, चाललं नाही. पुन्हा लावलं. मागे लोक उभे. बँकेला फोन केला तर पलीकडचा माणूस म्हणाला, "मॅडम, तुमचा इकामा संपलाय. खातं थांबवलंय."

इकामा नवा करायचं काम कफीलचं, म्हणजे नवऱ्याचं. दरवर्षी तो मुदतीआधीच करायचा. मी औषधं काउंटरवर ठेवून बाहेर आले. त्याला फोन केला. "अरे, विसरलो," तो म्हणाला. "आत्ता करतो." आणि खरंच, संध्याकाळपर्यंत झालं. औषध तोच घेऊन आला, मुलीच्या कपाळावर ओल्या फडक्याच्या पट्ट्याही त्यानेच ठेवल्या.

तो खरंच विसरला होता का? मी त्याला कधी विचारलं नाही, कारण "हो" म्हणाला असता तरी मी विश्वास ठेवला नसता. आजही मला ते माहीत नाही. पण त्या दिवशी दुकानाबाहेर उन्हात उभं राहून मला एक गोष्ट लख्ख कळली. त्याने मुद्दाम केलं असो की विसरून, माझी दशा तीच होत होती. माझं इथलं असणं कुणाच्या तरी आठवणीवर अवलंबून होतं.

मुलगी बरी झाल्यावर मी त्याच्यासमोर अर्ज ठेवला.

"आता कशाला?" तो म्हणाला.

ह्याच दोन शब्दांची मी वाट बघत होते. 'तुझ्या भल्यासाठी' खोटं होतं हा संशय खरा ठरल्याचं एक विचित्र समाधान असतं, ते मला मिळालं. पण त्याने माझं पोट भरणार नव्हतं.

"आता मला हवंय," मी म्हटलं. "सही कर."

"आधी नको म्हणालीस. आता मला काही मिळणार नाही, तर हवं?"

"म्हणूनच."

मला वाटलं, आता हा उलट संशय घेईल. घेतलाच. "सोडून जायचा विचार आहे?"

"जायचं असतं तर इथलं नागरिकत्व कशाला मागितलं असतं?"

त्याने सही केली. लगेच नाही, दोन-तीन दिवस कागद टेबलावर पडून होता, त्यावर कुणीतरी कपही ठेवला होता. मग एका सकाळी बघितलं तर सही झालेली होती. तो कामावर निघून गेला होता.

या वेळी मुलाखतीला दुसरी बाई होती. तिनेही विचारलं, कुणी सांगितलं म्हणून. मी म्हटलं, "मी स्वतः." तिचा विश्वास बसला की नाही कुणास ठाऊक. वाट बघण्यात बराच काळ गेला. मंजुरी आली ती माझा भारतीय पासपोर्ट परत करण्याच्या अटीवर.

दूतावासातल्या खिडकीवरच्या माणसाने पासपोर्टाचं शेवटचं पान उलटलं, पत्ता वाचला आणि मराठीत म्हणाला, "रत्नागिरी? मी चिपळूणचा. नक्की ना, ताई?"

मी म्हटलं, "नक्की." माझा आवाज मलाच लहान वाटला. त्याने पासपोर्ट रद्द केला. भारतात ये-जा करण्यासाठी परदेशी झालेल्या भारतीयांना एक कार्ड मिळतं, त्याची माहितीही त्याने न विचारता दिली. भावाला मी फोनवर तेच आधी सांगितलं. तो म्हणाला, "ईदला येशील ना?" मी म्हटलं, येईन.

नवं सौदी ओळखपत्र आलं त्या दिवशी नणंदेने मक्केहून मिठाई पाठवली. नवऱ्याने कार्ड हातात घेऊन फोटो न्याहाळला, म्हणाला, "फोटोत रागावलेली दिसतेस."

"होतेच."

"अजून संशय आहे माझ्यावर?"

"आहे," मी म्हटलं.

तो मान हलवून हसला. मुलीने मिठाईचा डबा पुढे केला आणि अरबीत विचारलं, आता विमानतळावर आई आमच्या, म्हणजे सौदींच्या, रांगेत उभी राहणार का. तिला आम्ही दोघांनीही एकदमच "हो" म्हटलं, आणि मग एकमेकांकडे बघितलं.