खिडकीतला पालथा कप

बाबांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं आणि मी त्यांना माजरीहून चंद्रपूरला माझ्या घरी आणलं. मी बँकेत नोकरीला, त्यामुळे दिवसभर त्यांच्याजवळ कोणीतरी हवं होतं. पहिली बाई सतत फोनवर असायची, दुसरी न सांगता गेली. तिसरी मिळाली ती गोंडपिपरीकडची, मासेमारी करणाऱ्या ढिवराच्या घरातली, वयाने माझ्यापेक्षा मोठी. मी तिला मावशी म्हणू लागले. ती बाबांना आंघोळ घालायची, मऊ भात भरवायची, भरवता भरवता गावच्या तळ्यातल्या मासोळ्यांच्या गोष्टी सांगायची. बाबांचं बोलणं जवळजवळ गेलंच होतं, पण त्यांच्या मूळ गावाजवळच्या गोंडपिपरीचं नाव निघालं की त्यांचे डोळे हलायचे. ही बाई तरी टिकावी, एवढंच माझ्या मनात असायचं.

हिवाळ्यात मावशीला खोकला झाला. बाबांची छाती जपा, असं डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं. मी बाजारातून स्टीलचा एक कप आणला, बुडाला नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला. बाबांच्या खाटेवरून ती खिडकी समोरच दिसते.

"मावशी, हा तुमचा."

"हो ताई," ती म्हणाली. का, म्हणून विचारलं नाही. त्या दिवशी मला आपल्या हुशारीचं कौतुकच वाटलं.

खोकला आठवड्यात गेला, कप राहिला. मी रोज त्या खिडकीजवळ उभी राहून डबा भरत होते, पण मला काही खटकलं नाही. कॉलनीत घरोघरी कामवालीचा कप वेगळा असतो. आपलंही घर त्या घरांसारखं झालं, याचं मला आतून बरंच वाटत असावं. हे लिहितानाही लाज वाटते.

मग बाबांनी चहा सोडला. चहा म्हणजे बाबांचा जीव की प्राण. मी चिडले, अर्थातच मावशीवर.

"साखर घालायला विसरता का?"

"नाई ताई. बाबाजी माह्या कपाकडे पाहून राह्यले. तोच मांगते. मी कशी देऊ त्यायले तो?"

माझा विश्वास बसला नाही. रविवारी मी स्वतः आलं घालून चहा केला, त्यांच्या आवडीच्या चिनीमातीच्या कपात नेला. डाव्या हाताने त्यांनी तो बाजूला सारला आणि खिडकीकडे बोट केलं.

"बाबा, तो मावशींचा आहे."

त्यांनी बराच वेळ ओठ जुळवले. "माहा," ते म्हणाले.

लहानपणी दर चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी, बाबा आम्हाला सांगायचे. गोंडपिपरीच्या बाजारात एका चहाच्या हॉटेलाबाहेर, वळचणीला, आमच्या जातीच्या लोकांसाठी एक कप खोचलेला असे. आपणच तो काढायचा, वरून ओतलेला चहा प्यायचा, कप धुवायचा आणि पालथा ठेवून निघायचं. "राग नाही यायचा?" मी विचारायचे. "सवय झाली होती," ते म्हणायचे. हीच गोष्ट शाळेत भाषणात सांगून मी बक्षीस मिळवलं होतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय.

मावशीने त्या कपात चहा दिला. बाबा सावकाश सगळा प्यायले. मग पाण्याकडे खूण केली. मावशीने थोडं पाणी ओतलं. एका हाताने त्यांनी कप हलवून विसळला, पाणी खाटेखालच्या भांड्यात सांडलं आणि कप उशाशी पालथा ठेवला. मग माझ्याकडे पाहिलं. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

त्याच दुपारी मी चाकूने तो ठिपका खरवडला आणि कप मांडणीवर बाकीच्या कपांत ठेवला. "मावशी, आता कोणताही कप घ्या," म्हटलं. ती हो म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मांडणीवरून हुडकून तोच कप काढला. चहा प्यायली, कप धुतला आणि खिडकीत नेऊन पालथा ठेवला.

"मावशी, अहो, सांगितलं ना काल."

"राहू द्या ताई," ती म्हणाली. "सवय झाली."

खाटेवर बाबा जागेच होते.